दुष्काळी कामांवरचा पैसा मातीत जातो काय?

या समितीच्या वर्गणीकरिता आम्ही ज्या ज्या पेढीवर आणि ज्या ज्या वाड्यात गेलो, तेथे बहुधा आदराने बसवून घेण्यात आले व बहुधा एकच आक्षेप ऐकविण्यात आला. अन्नछत्रास द्रव्य द्यावे हे प्रत्येकास पटते. भुकेल्याच्या मुखात घास पडला हे डोळ्यांस दिसते. परंतु सरकार दुष्काळात खडी फोडविते, माती इकडची तिकडे करविते, पहिल्या पावसात ती वाहून जाते. अशा निरुपयोगी कामांत सरकारचा पैसा जातो तेवढा पुरे, त्यात आमचा आणखी कशाला? असे विचारणारे गृहस्थ कृपण नव्हेत. त्यांतील कित्येकांची नावे याच अहवालाच्या देणगीदारांच्या यादीत आहेत. ज्याने आयुष्यभर जमाखर्च पाहिला त्यास हा प्रश्न न पडता तरच नवल. म्हणून भूतदयेचा आधार न घेता हिशेबानेच त्याचे उत्तर शोधावे, असे आम्हांस वाटते.

वकिलीच्या धंद्यात निम्मे तंटे शब्दांच्या अर्थावरून माजतात, असा आमचा अनुभव आहे. येथेही 'अनुत्पादक' हा एक शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींस लावला जातो. ज्या कामापासून सरकारी तिजोरीस व्याज सुटत नाही ते अनुत्पादक, हा पहिला अर्थ. ज्यापासून बाजारात विकण्याजोगे काही निपजत नाही ते, हा दुसरा. आणि ज्याचा कोणासच कधी उपयोग नाही ते, हा तिसरा. पहिल्या अर्थाने दूषित ठरलेले काम तिसऱ्याही अर्थाने दूषित असलेच पाहिजे असे नाही. पण बोलताना आपण एकावरून दुसऱ्यावर केव्हा उडी मारतो हे आपल्यासच कळत नाही.

इंग्रजी अमदानीत बांधकाम खात्याच्या हिशेबात पहिला अर्थ रूढ होता. भांडवलावर व्याज देईल ते काम 'उत्पादक'. व्याज न देता केवळ दुष्काळापासून बचाव करील ते 'संरक्षक'. १८७८ च्या सुमारास सरकारने दुष्काळनिवारणाच्या नावाने दरसाल दीड कोटी रुपये बाजूस काढण्याचे ठरविले. (त्यासाठी बसविलेल्या कराचा पैसा लगेच अफगाण युद्धाकडे वळला, अशी त्या वेळी ओरड झाली, ती निराळी गोष्ट.) पुढे १९०१ ते १९०३ च्या पाटबंधारे आयोगाने दख्खनच्या कालव्यांचा विचार केला, तेव्हा त्यांवरील भांडवलास पुरते व्याज सुटणार नाही हे त्यास उघड दिसले. तरीही त्याने अशा कामांचा पुरस्कार केला. कालवा नसता तर दर दुष्काळात सरकारास जो खर्च करावा लागला असता, तो कालव्याच्या जमेस धरला पाहिजे, अशी त्याची विचारसरणी होती. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच नदीच्या कालव्याखालच्या शेतकऱ्यांनी १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू केला. नीरा, गोदावरी व प्रवरा यांच्या काठची आजची बागाईत पाहून या कालव्यांस निरुपयोगी म्हणण्यास कोणी धजणार नाही. तिजोरीच्या वहीत जे खाते बुडीत दिसले, ते लोकांच्या वहीत जमेचे निघाले. कारण त्या दोन वह्या एक नव्हेत.

हे झाले कालव्यांचे. खडीचे काय? खडीचा ढीग रस्त्याच्या कडेस वर्षानुवर्षे पडून राहिला, त्यावर गवत उगवले, तो रस्ता कधी झालाच नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. येथे तिसरा अर्थही लागू पडतो, हे कबूल केले पाहिजे. मग त्यावर झालेला खर्च निव्वळ नुकसान मानावयाचा काय?

अर्थशास्त्रात यावर दोन प्रसिद्ध मते आहेत. फ्रेंच लेखक बास्तिया याने १८५० साली असे प्रतिपादिले की, फुटलेल्या तावदानामुळे काच बसविणाऱ्यास काम मिळते हे दिसते. परंतु तावदानाच्या मालकाने तोच पैसा जोड्यांवर अगर पुस्तकावर खर्चिला असता, तो लाभ बुडाला हे दिसत नाही. म्हणजे व्यर्थ खर्चाने संपत्ती वाढत नाही, ती फक्त एका हातातून दुसऱ्या हातात जाते व मध्ये एक काच नाहीशी होते. उलटपक्षी केन्स याने १९३६ साली लिहिले की, देशात बेकारी माजली असता सरकारने जुन्या बाटल्यांत नोटा भरून खाणींत पुरल्या व लोकांस त्या उकरू दिल्या, तरीही काही न करण्यापेक्षा ते बरे. हे वाक्य पुष्कळांच्या तोंडी असते. घरे बांधणे अधिक शहाणपणाचे, असे त्याने तेथेच लिहिले आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

आमच्या मते या दोघांत वाटतो तेवढा विरोध नाही. बास्तियाचा काच बसविणारा एरवीही कामात गुंतलेला आहे. केन्सचा मजूर रिकामा बसला आहे. सारा भेद या एका गोष्टीवर अवलंबून आहे: खर्चाने जे ओढून घेतले, ते पूर्वी कामात होते की रिकामे होते? व्यापाऱ्यास हे सहज समजेल. वखारीत पडून असलेला माल कमी भावाने काढला तरी पदरात काही पडते. पण ज्या मालास गिऱ्हाईक दारात उभे आहे, तोच फुकट वाटला तर तेवढी तूट पक्की.

आता दुष्काळी गावात रिकामे काय असते ते पाहावे. माघापासून ज्येष्ठापर्यंत शेतात काम नाही. कुणबी, त्याची बायको, मजूर, सुतार, सारे हात रिकामे असतात. त्यांना खडीवर लावल्याने दुसरे कोणतेही काम अडत नाही. म्हणून श्रमांच्या बाबतीत केन्सचे म्हणणे खरे. परंतु ज्वारी रिकामी नसते! ती अगोदरच अपुरी असते. शंभर मजुरांच्या हाती रोकड दिली आणि बाजारात धान्य आलेच नाही, तर भाव तेवढा चढेल. ज्याच्या हाती मजुरी नाही, त्या म्हातारीच्या ताटातली भाकर मजुरी मिळविणाराच्या ताटात जाईल. रुपयाने ज्वारी पिकत नाही. ती फक्त हलविता येते. सरकारी खर्चाची सर्व परीक्षा येथे होते, असे आम्ही समजतो.

१९४३ सालच्या बंगालचे उदाहरण या दृष्टीने फार उद्बोधक आहे. त्या वेळी सरकारचा खर्च थोडा नव्हता. युद्धाकरिता कलकत्त्याच्या परिसरात पैशाचा पूर वाहत होता, आणि अर्थशास्त्राच्या काटेकोर भाषेत युद्धाइतका अनुत्पादक खर्च दुसरा नाही. पण तेथे तांदूळ, नावा, आगगाड्या, सर्व आधीच ओढलेले होते. शहरात मजुरी वाढली, तांदळाचा भाव चढला, आणि खेड्यातील भूमिहीन मजूर, कोळी व कारागीर यांच्या मिळकतीस तो भाव पेलेना. दुष्काळ जाहीर करून ठरलेले नियम लागू करण्याचेही सरकारने टाळले. चौकशी आयोगाने मृत्यूंचा आकडा १५ लाख धरला. पुढील अभ्यासकांनी तो ३० लाखांच्या घरात नेला. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, तेथे धान्याच्या तुटीपेक्षा धान्य घेण्याची ऐपत बुडाली हे मुख्य कारण होते. एकाचा खर्च दुसऱ्याची ऐपत कशी बुडवितो, याचे याहून भयंकर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता १९७२-७३ चा महाराष्ट्र पाहावा. लागोपाठ वर्षे पाऊस हुकला होता व धान्याचे पीक अत्यंत खालावले होते. सरकारने गावोगाव कामे काढली. मे १९७३ मध्ये जवळजवळ ५० लाख माणसे त्या कामांवर होती. पाझर तलाव, रस्ते, बंडिंग आणि अर्थातच खडी, असे कामांचे स्वरूप होते. मिलोची भाकर आणि सुकडी यांची आठवण त्या पिढीस अजून आहे, आणि ती फार गोड नाही. जनावरांची हानी मोठी झाली; कित्येक संसार मोडले. तथापि १८७६-७८ प्रमाणे माणसांचा संहार झाला नाही. त्या जुन्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात ५० लाखांहून अधिक माणसे मेली होती. १९७३ मध्ये हे कशाने टळले? ज्याँ द्रेज यांच्यासारख्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, मजुरीच्या रूपाने लोकांच्या हाती खरेदीची शक्ती आली, आणि तिच्या ओढीने परप्रांतांचे धान्य, आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध असतानाही, व्यापाऱ्यांमार्फत येथे पोहोचले. सरकारी रेशन त्याच्या जोडीस होते. म्हणजे येथे खर्चाने धान्य हालले. खडीचा ढीग निरुपयोगी राहिला असेल. पण त्याच्या मजुरीने जे पोते दूरच्या मंडईतून निघून बीडच्या किंवा सोलापूरच्या बाजारात उतरले, ते निरुपयोगी नव्हते. हे पोते आणणारा कोण? जो आज आम्हांस 'खडीतून काय निपजते' म्हणून विचारतो, तोच व्यापारी. वाचकांनी राग मानू नये.

मजुरी किती द्यावयाची, हाही या हिशेबाचाच भाग आहे. १८७३-७४ साली बंगाल व बिहारमध्ये सर रिचर्ड टेंपल यांनी ब्रह्मदेशाचा तांदूळ आणून लोक वाचविले आणि उधळपट्टीबद्दल टीका ओढवून घेतली. त्याच टेंपलसाहेबांस १८७७ साली काटकसरीसाठी मद्रास व मुंबई इलाख्यांत धाडण्यात आले, तेव्हा त्यांनी दिवसास एक पौंड धान्य व वर अगदी थोडी रोकड एवढ्यावर मजुरी आणून ठेविली. एवढ्या अन्नावर खडी फोडणारा माणूस खंगतच जाणार, असा आक्षेप मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी घेतला. आपल्या इलाख्यात तर मजूर कामे सोडून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. ज्या मजुरीने मजुराच्या अंगातली शक्ती भरून येत नाही, ती काटकसर नव्हे. तो भांडवल मोडून खाण्याचा व्यवहार आहे. गिरणीचा मालक तेल न घालता यंत्र चालवीत नाही.

आणि मनुष्यबळापेक्षाही नजरेतून सुटणारी एक जमेची बाजू आहे. समजा, एका शेतकऱ्याने फाल्गुनात वैरण नाही म्हणून वीस हजारांस बैलजोडी विकली, आणि मृग लागल्यावर तशीच जोडी घेण्यास साठ हजार पडू लागले. चाळीस हजारांचे हे नुकसान त्याचे खरे, पण समाजाचे? जोडी दुसऱ्या शेतकऱ्याने घेतली असेल, तर एकाचे नुकसान तो दुसऱ्याचा नफा; एकूण संपत्ती तेवढीच. परंतु ती जोडी कसायाकडे गेली व त्या शेतकऱ्याचे दहा एकर नांगराविना पडीक राहिले, तर तेवढे पीक जगातून कायमचे नाहीसे झाले. तीन महिन्यांच्या मजुरीने ही विक्री टळत असेल, तर पुढल्या सुगीचे ते पीक मजुरीच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. मग मजुराने त्या तीन महिन्यांत काहीही फोडलेले असो.

इतके असूनही आम्ही निरुपयोगी कामाची भलामण करीत नाही. कारण हीच मजुरी देऊन उपयोगी काम करविता येत असेल, तर निरुपयोगी काम करविणे म्हणजे हाती आलेला दुसरा नफा टाकून देणे होय. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग झाला, त्याचे मातीकाम पुष्कळसे दुष्काळी मजुरांनी केले. त्या मजुरांस खडीवर बसविले असते तरी ते जगलेच असते, पण नगर जिल्ह्यात पुढील दुष्काळांत धान्य नेणारी गाडी मिळाली नसती. आपल्या राज्याने हा धडा कायद्यात आणला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना १९७७ च्या अधिनियमाने पक्की झाली व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. त्या अधिनियमात कामे 'उत्पादक' असावीत असे घातले, आणि उत्पादन प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष वाढेल, किंवा ज्याच्या अभावी ते खुंटेल, अशा कामांस तो शब्द लाविला. व्याजाचा उल्लेख त्यात नाही. ही व्याख्या करणाऱ्याच्या कायदेपांडित्यास आम्ही मनापासून दाद देतो. खर्चासाठी १९७५ पासून शहरांतील नोकरदार व धंदेवाले यांवर व्यवसाय कर बसला. बास्तियाचे न दिसणारे जोडे म्हणतात ते हेच: मुंबईच्या कारकुनाने तेवढे कमी खर्चिले. ती रक्कम आकाशातून पडली नाही, हे विसरून या योजनेचे गुणगान करणे आम्हांस मान्य नाही. पण त्या कारकुनाने सोडलेल्या सुखाच्या बदल्यात गावास तलाव मिळाला असेल, तर सौदा वाईट झाला असेही नाही.

तलाव मिळाला असेल तर! येथेच आक्षेपकांचे खरे बळ आहे. पाझर तलावाचा बांध म्हणजे मातीचा ढिगारा नव्हे. मध्ये काळ्या मातीचा गाभा, दोहों बाजूंस मुरूम, पाण्याकडील अंगास दगडी अस्तर, आणि कडेस पक्का सांडवा असावा लागतो. माती थरावर थर दाबावी लागते व तीस पाणी मारावे लागते. दुष्काळात नेमके तेच नसते. टोपली व फावडे घेऊन आलेला मजूर माती टाकू शकतो, सांडव्याचे बांधकाम करू शकत नाही. त्यात खर्चापैकी निदान ६० टक्के अकुशल मजुरीवर व्हावा असा दंडक. तो ठेकेदाराचा हात आवरण्यास अवश्य होता, यात शंका नाही. पण त्यामुळे गवंडी, सिमेंट व रोलर यांस पैसा अपुरा पडतो. मग मृगाचा पहिला पाऊस येतो, मजूर पेरणीस घरी जातात, सांडव्याविना राहिलेल्या बांधावरून पाणी चढते, आणि एका रात्रीत हजारो दिवसांची मजुरी ओढ्याने वाहून जाते. 'पैसा मातीत गेला' ही म्हण अशा वेळी अक्षरशः खरी ठरते. मजुरीवर केलेला खर्च त्या बांधास मारीत नाही. शेवटचा थोडा खर्च न केल्याने तो मरतो.

काम कोणाच्या जमिनीवर व्हावे, हा जमीनदार वाचकांस जवळचा प्रश्न राहिला. १८४६-४७ साली आयर्लंडात सरकारने असा नियम केला होता की, दुष्काळी कामांपासून कोणा एका मालकाचा खासगी फायदा होता कामा नये. नियम न्याय्य दिसतो. परिणाम असा झाला की शेते सुधारण्याऐवजी रस्ते काढण्यात आले, आणि त्यांतील कित्येक कोठेच जाऊन पोहोचत नव्हते. मार्च १८४७ मध्ये ७ लाखांवर माणसे तेथे राबत होती, मजुरीत पोटभर अन्न येत नव्हते, शेतात बी पडत नव्हते. अखेर कामे बंद करून त्या उन्हाळ्यात सरकारास सुमारे ३० लाख लोकांस शिजविलेले अन्न द्यावे लागले. आपल्याकडे १९९० साली उलट पाऊल पडले: रोजगार हमीच्या पैशाने शेतकऱ्यांच्या स्वतःच्या जमिनीत फळबागा लावून देण्यात आल्या, आणि डाळिंब, बोर, आंबा यांच्या बागा कोरडवाहू रानात उभ्या राहिल्या. खासगी फायदा झालाच. पण काम राखणारा मालकही मिळाला.

तरी भूमिहीन मजुराने वाहिलेल्या मातीमुळे विहीर भरते ती जमीनवाल्याची, ही टोचणी उरतेच. पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यातील अशीच कामे पाहिली आणि पुढे नायगाव येथे देवस्थानची ओसाड जमीन कराराने घेऊन पाणलोटाचे प्रयोग केले. त्यांतून निघालेल्या पाणी पंचायतीचा नियम असा की, पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरच्या माणसांच्या प्रमाणात द्यावे, माणशी अर्धा एकर. भूमिहीनासही वाटा असावा. उसास पाणी देऊ नये. आणि खर्चाचा काही भाग लाभार्थ्यांनी स्वतः घालावा. हा नियम सर्वत्र चालेल असे आम्ही म्हणत नाही. उसाच्या मुलखात तर त्याचा उच्चार करणेही धाडसाचे. परंतु तलावाखाली ज्यांची जमीन आहे त्यांनी दुरुस्तीचा भार उचलावा, एवढे मागणे कोणत्याही न्यायासनापुढे टिकेल.

यावरून समितीने आपल्या निधीचे धोरण ठरविले आहे. मजुरी देणे हे सरकारचे काम आहे. तेवढी रक्कम कोणतीही समिती उभी करू शकत नाही, आणि तसा आव आणणे अप्रामाणिकपणाचे होईल. जेथे बाजारात धान्य नाही, तेथे प्रथम धान्य आणून पडत्या भावाने विकण्यात निधी खर्च होईल, आणि जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत त्यांस ते फुकट मिळेल. त्यानंतरचा पैसा अर्धवट राहिलेल्या बांधांच्या सांडव्याकडे, अस्तराकडे व रोलरच्या भाड्याकडे जाईल. नवे काम समिती काढणार नाही. ज्या गावातील विहीरमालक दुरुस्तीचा करार लिहून देतील, त्या गावाचा विचार आधी होईल. खडीसाठी एक रुपयाही दिला जाणार नाही, मग त्या ढिगाची शिफारस कितीही वजनदार व्यक्तीकडून येवो.

देणगीदारांनी आपली रक्कम धान्यखात्यास, बांधकामखात्यास की वैरणखात्यास, हे पावतीवर स्पष्ट लिहून घ्यावे. काहीच न लिहिल्यास ती धान्यखात्यात जमा होईल. बांधकामखात्यातील प्रत्येक बांधाचा खर्च, मोजमाप आणि पहिल्या पावसानंतरची स्थिती पुढील अहवालात गावाच्या नावानिशी छापण्यात येईल. जो बांध फुटेल त्याचेही नाव त्यात असेल.